फणसाच्या फळ्या आहेत, रंग न लावता पॉलिश कुठलं करावं?

टिळकवाडीकर: पुस्तकांचं कपाट आणि अभ्यासाचं टेबल करून घ्यायचंय. गावाकडं, जांबोटीच्या अलीकडं, आमच्या वाड्यातल्या फणसाच्या जुन्या फळ्या पडून आहेत. कमी पडलं तर साग घेणार. लाकूड लाकडासारखं दिसायला पाहिजे, स्टेन (लाकडाचा रंग बदलणारा रंग) नको. सुतार म्हणतोय, "मेलामाइन मारूया, चकाचक होतंय." मला ते चकाचकच नकोय. काय करू?

रंधा_खानापूर: आधी त्या फळ्यांवर लोहचुंबक फिरवा. जुन्या फळीत खिळे राहिलेले असतात, मशीनचं पातं गेलं की सॉ मिलवाला शिव्या देतो.

रंधा मारल्यावर खालून पिवळाधमक फणस निघेल. घाबरू नका. तपकिरी झालाय तो फक्त वरचा पापुद्रा. उजेड लागला की नवी बाजूही सावकाश तांबूस होते. कुठलंही पॉलिश मारा, हे थांबत नाही. म्हणून कपाट झालं की सुरुवातीचे काही महिने पुस्तकं इकडची तिकडं करत राहा, नाहीतर एकाच जागी ठेवलेल्या पुस्तकाखाली पिवळा चौकोन राहतो.

साग घेणार असाल तर स्वतः वखारीत जा. दांडेलीचा म्हणून विकतात, पण नावापेक्षा फळी बघा. कडेची पांढरी बाजू नको. ती किडीला लवकर सापडते, आणि स्टेन नसला की तो पांढरा पट्टा कायम डोळ्यात खुपतो. फळ्या शेजारी मांडून ओल्या फडक्यानं पुसा. पॉलिशनंतरचा रंग साधारण तसाच दिसतो. दर्शनी भागाला लागणाऱ्या फळ्या तिथंच बाजूला काढा. सुतारावर सोडलं तर तो हाताला येईल ती लावतो. बिचाऱ्याला काम संपवायचं असतं.

आता पॉलिश. चमक हा मेलामाइनचा दोष नाही, मॅट मेलामाइनही मिळतं. पण वास फार, बंद फ्लॅटात नको. मी पाण्यातलं पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) घ्या म्हणेन. ते पिवळं पडत नाही. तेलातलं पीयू आणि जवसाचं तेल लाकडाला उबदार, मधासारखा रंग देतात. सागाला तो शोभतो, फणसाला मला जास्त वाटतो. एक गोष्ट सुतार सांगत नाहीत: सगळे हात मॅटचे मारले तर लाकडाच्या रेषा धुरकट दिसतात, कारण मॅटमध्ये चमक घालवणारी पूड असते. खालचे हात ग्लॉसचे, शेवटचा फक्त मॅट. पहिल्या हाताआधी १२०, १८०, २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा, रेषेच्या दिशेनंच. सागात तेल असतं, पीयूच्या आधी थिनरनं पुसून घ्या.

आणि आधी तुकड्यावर करून बघा. त्याच फळीचा तुकडा पाहिजे, दुकानातलं शेड कार्ड नव्हे.

निपाणीची_सून: आमच्या घरी सासऱ्यांच्या वेळचं चपडीचं (लाखेचं) पॉलिश आहे, कपाटांवर अजून देखणं दिसतंय. टेबलावर मात्र गरम कप ठेवला की पांढरी गोल खूण उमटते.

रंधा_खानापूर: बरोबर वहिनी. कपाटाला चपडी चालेल, टेबलाला नको. आणि पावसात तर नकोच, हवेतली ओल धरून पांढरट पडते. खानापूर भागात मी दसऱ्याआधी हातच लावत नाही.

चिकोडीचा_पाहुणा: जवसाचं तेल वापरणार असाल तर तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा, नाहीतर उघड्यावर पसरून वाळवा.

टिळकवाडीकर: आभार मंडळी. फळ्या वाड्यातून थेट सुताराकडं न्यायच्या का?

रंधा_खानापूर: नको. आधी घरात आणा, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा, महिनाभर तरी हवा लागू दे. ओली फळी जोडली की उन्हाळ्यात सांधे उघडतात, मग पॉलिशनं काही झाकत नाही. आणि फळ्यांची टोकं चिरलेली आहेत का, तेवढं बघून सांगा. चिरलेली असली तर लांबीत तेवढी घट धरावी लागेल, साग किती लागणार ते त्यावर ठरेल.