२५ जुलै १९६५, न्यूपोर्ट: हुर्यो गिटारची की आवाजाची?

खर्ज (धागाकर्ता)
आज २५ जुलै. १९६५ साली याच तारखेला, रविवारी रात्री, अमेरिकेतल्या न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये (लोकसंगीताच्या महोत्सवात) गायक बॉब डिलन स्ट्रॅटोकास्टर ही विजेची गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याची हुर्यो उडवली गेली. ‘फोकवाल्यांना विजेची गिटार सोसली नाही’ हे स्पष्टीकरण दरवर्षी या दिवशी फिरतं. मला ते पटत नाही. ‘ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम’ ही त्याची रेकॉर्ड मार्चमध्येच आली होती आणि तिची पहिली बाजू इलेक्ट्रिक होती. ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे इलेक्ट्रिक गाणं बाजारात येऊन पाच दिवस झाले होते. याच महोत्सवात बटरफील्ड ब्लूज बँडही अँप्लिफायर लावून वाजवून गेला. मग फक्त डिलनवरच राग का? शब्द ऐकू आले नाहीत आणि तीन गाण्यांत तो निघून गेला, म्हणून.

तिसरी घंटा
साफ असहमत. बटरफील्डकडून लोकांची अपेक्षा वेगळी होती. १९६३ साली याच महोत्सवात पीट सीगर, जोन बाएझ या फोक गायकांसोबत ‘ब्लोइंग इन द विंड’ गाणारा डिलन लोकांच्या मनात होता. रेकॉर्ड घरी ऐकणं वेगळं आणि त्या मंचावर त्याला तसं पाहणं वेगळं. आणि त्या रात्रीच्या चित्रीकरणाच्या चित्रपटातला आवाज ऐका की, ‘मॅगीज फार्म’ या गाण्यातला शब्दन् शब्द कळतो. मग ऐकू आलं नाही कसं?

खर्ज
@तिसरी घंटा, नेमकी इथेच गल्लत होते. चित्रपटात ऐकू येतो तो मंचावरच्या मायक्रोफोनांचा आवाज. गायकाच्या तोंडापासून चार बोटांवर असलेल्या माइकला शब्द स्पष्ट मिळणारच. मैदानात मात्र दोन वेगळे आवाज पोचतात: गाण्याचा आवाज पीएच्या (प्रेक्षकांसाठीच्या ध्वनियंत्रणेच्या) स्पीकरमधून, गिटारचा थेट अँपमधून (अँप्लिफायरमधून). डिलनच्या साथीच्या गिटारवादकाचा, ब्लूमफील्डचा, अँप चढा असला की तो गाण्याच्या माइकमध्येही शिरतो. मग गाणं वाढवलं की गिटारही वाढते, आणखी वाढवलं की शिट्टी वाजते. ध्वनिनियंत्रकाच्या हातात फारसं काही उरत नाही. उपाय एकच, अँप कमी करणं, आणि तो मंचावरच्यांच्या हातात. गायकाकडे तोंड केलेले स्पीकर (मॉनिटर) तेव्हा रूढ नव्हते, त्यामुळे स्वतःचा आवाज ऐकायला वादक अँप चढवतच जातात.

ध्वनिवेडा
+१, पण एक भर. पुढे बसलेल्याला अँपचा मारा जास्त, मागच्याला पीएचा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानात आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणून पुढचे साक्षीदार ‘नुसती गिटार’ म्हणतात आणि मागचे ‘ठीक होतं’. दोघंही खरं बोलत असतील. शिवाय हुर्योचं मोजमाप या चित्रपटातल्या आवाजावरून करू नका. माइक मंचाकडे तोंड करून आहेत, गर्दी त्यांच्या पाठीशी.

आणि वादनही कच्चंच होतं. तालीम आदल्या रात्रीची. ‘मॅगीज फार्म’मध्ये ठेका उलटला: दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा जोर पहिल्या-तिसऱ्यावर गेला. ड्रमवर सॅम ले, बेसवर जेरोम अर्नोल्ड, दोघंही शिकागो ब्लूजमधले कसलेले, पण ही गाणी त्यांना नवी होती. तिसरं ‘फँटम इंजिनियर’ पुढे संथ करून ‘हायवे ६१ रीव्हिजिटेड’ या रेकॉर्डमध्ये आलं. माझ्या मते तोच त्याचा योग्य वेग.

तिसरी घंटा
आवाजाचं मान्य. पण मग २८ ऑगस्टची न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधली डिलनची मैफल कशी समजावणार? पहिला भाग एकट्याने अकूस्टिक (विजेशिवायच्या गिटारवर), तो शांतपणे ऐकला. उत्तरार्धात बँड आला आणि हुर्यो सुरू. तेच मैदान, तोच श्रोता. बदलली ती फक्त गिटार.

खर्ज
आणि सहाच दिवसांनी, ३ सप्टेंबरला, लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये तोच बँड, तीच मांडणी, आणि विरोध कितीतरी सौम्य. गिटार हेच कारण असतं तर तिथेही तेवढाच गोंधळ व्हायला हवा होता. फॉरेस्ट हिल्सला लोक न्यूपोर्टच्या बातम्या वाचून, हुर्यो उडवायची असते हे शिकून आले होते.

तिसरी घंटा
‘शिकून आले’ म्हणजे न्यूपोर्टला कोणीतरी गिटारवरच हुर्यो उडवली, असंच ना? सगळा दोष ध्वनियंत्रणेवर टाकून त्या श्रोत्यांचं मत पुसू नका. त्यांना काही गमावल्यासारखं वाटलं, तेही खरंच होतं.

ध्वनिवेडा
सीगरची कुऱ्हाडीची गोष्ट इथे यायलाच हवी. कुऱ्हाड असती तर माइकची केबल तोडली असती असं आपण तेव्हा म्हणालो, हे त्याने स्वतः कबूल केलं. पण कारण सांगितलं ते विकृत आवाजाचं: शब्द कळत नव्हते. विजेच्या गिटारबद्दल तक्रार नव्हती, असंही त्याने नंतर स्पष्ट केलं.

बाकी, मंचावर निवेदन करणारा गायक पीटर यॅरो याने विनवल्यावर डिलन अकूस्टिक घेऊन परतला, तेव्हा त्याने प्रेक्षकांकडेच ई पट्टीची हार्मोनिका मागितली आणि मंचावर हार्मोनिका येऊन पडल्या. दोन गाणी झाली, ‘मिस्टर टँबोरीन मॅन’ आणि ‘इट्स ऑल ओव्हर नाऊ, बेबी ब्लू’. हा भाग सलग ऐका. एकच माइक, एकच गिटार, आणि मैदान चिडीचूप.

तिसरी घंटा
ऐकलाय. त्या शांततेचा अर्थ मी अजूनही माझ्याच बाजूने लावते.