ईव्ह ऑनलाइन : खाणीतला माल सामाईक गोदामात की ज्याच्या त्याच्या नावावर?

गोदाकाठचा_खाणकरी

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकचे सात जण ईव्ह ऑनलाइन खेळतो. चौघे सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, दोघे कॉलेजात, एकाचं नाशिकरोडला मेडिकल. दिवाळीत आम्ही स्वतःची कॉर्प, म्हणजे खेळातली खेळाडूंची कंपनी, काढली आणि गेल्या शनिवारी पाथर्डी फाट्यावर चहा पिता पिता ती मोडायची वेळ आली. म्हणून हा धागा.

खेळ माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ साली आणलेला हा अंतराळाचा खेळ. चीनचा वेगळा सर्व्हर सोडला तर सगळं जग एकाच सर्व्हरवर. जहाजं, तोफा, दारूगोळा, जवळपास सगळं खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकतात. जहाज फुटलं की गेलं, परत मिळत नाही. चलन म्हणजे इस्क. आम्ही लघुग्रह खोदतो, म्हणजे या बाजाराला कच्चा माल पुरवतो.

सर्व्हर रोज आपल्याकडच्या दुपारी साडेचारला देखभालीसाठी थोडा वेळ बंद होतो. परत चालू झाला की खोदलेले पट्टे पुन्हा भरायला लागलेले असतात आणि युरोपातली गर्दी अजून यायची असते. शनिवारी पाचला आम्ही तिथे हजर. पाच जण खोदतात, एक ओर्का हे मदतीचं मोठं जहाज घेऊन मधे उभा राहतो, एक पहाऱ्यावर. ओर्कामुळे सगळ्यांच्या लेझरचा वेग वाढतो, पल्ला वाढतो, शिवाय माल तिच्याच पोटात टाकता येतो. पण ओर्कावाला स्वतः खोदतो ते ड्रोनने, थोडंसंच. पहारेकरी तर काहीच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. सगळा माल कॉर्पच्या गोदामात जावा, तो एकत्र विकावा आणि महिनाअखेर हजेरीप्रमाणे सारखे वाटे पडावेत. शेतात सावड करतात तेव्हा कुणी किती काकऱ्या मारल्या ते मोजत बसतात का? आज तुझं रान, उद्या माझं. आमच्यातल्या एकाला हे मान्य नाही आणि तो उठून गेला.

रात्रपाळी_अंबड

तो उठून गेलेला मीच. दादा, तुम्ही धागा काढलात ते बरं केलंत, फाट्यावर माझं बोलणं कुणी पुरतं ऐकूनच घेतलं नव्हतं.

माझी रात्रपाळी सकाळी सातला सुटते. घरी येऊन आठ ते दहा मी एकटा खोदतो, कुणाच्या ओर्काशिवाय. तो मालही गोदामात टाका असं तुम्ही म्हणालात. का म्हणून? आणि शनिवारचंच बघा. आपले दोघे लेझर लावतात आणि क्रिकेट बघतात. जहाजाचं पोट भरून लेझर बंद पडलेलं असतं तरी त्यांना पत्ता नसतो. हजेरी मात्र पूर्ण! दर थोड्या वेळाने माल ओर्कात टाकणारा मी आणि ते, सारखेच?

सावडीचा दाखला मला पटला नाही. सावडीत जो येतो तो राबतो. बांधावर नुसता बसून राहिला तर पुढच्या वेळी त्याच्या रानात कोण जाईल? तिथेही हिशोब असतोच, वहीत मांडलेला नसतो एवढंच.

माझा तोडगा : ज्याचा माल त्याचा. कॉर्पने दहा टक्के टॅक्स लावावा, त्यातून ओर्कावाल्याला आणि पहाऱ्याला द्यावं. विषय संपला.

खातेवही

विषय संपत नाही हो. ईव्हमध्ये कॉर्पचा टॅक्स चाच्यांच्या, म्हणजे संगणक चालवतो त्या एनपीसींच्या, बाउंटीवर (त्यांना मारल्याच्या इनामावर) आणि मिशनच्या बक्षिसावर लागतो. खोदलेल्या मालावर नाही, बाजारात विकलेल्यावरही नाही. तुम्ही टॅक्स शंभर टक्के केलात तरी खाणकऱ्याचा एक इस्क कापला जाणार नाही.

आणखी एक. खोदणाऱ्याला खोदल्यावर इस्क मिळतच नाही, माल मिळतो. चाचा मारला की इस्क नव्याने तयार होतो, सर्व्हर तो पैसा छापतो. माल विकला की दुसऱ्या खेळाडूच्या खिशातला इस्क तुमच्याकडे येतो. म्हणून तुमच्या भांडणात एक प्रश्न दडलेला आहे, तो दोघांनीही काढला नाही : विकायचं कधी, हे कोण ठरवणार? आमच्या लासलगावकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. कांदा काढला की एकाला आजच लिलावात ट्रॅक्टर उभा करायचा असतो, दुसऱ्याला चाळीत भरून थांबायचं असतं. एकाच घरातले दोन भाऊ यावरून बोलेनासे झालेले मी पाहिलेत. सामाईक चाळ करायची तर आधी कुलपाची किल्ली आणि विकायचा दिवस, या दोन गोष्टी ठरवा. वाटे नंतर.

मोसमकाठ_बागलाण

मी सटाण्याकडचा. खेळ भाच्यामुळे शिकलो, आता तो सोडून गेला, मी आहे.

मी सामाईकच्या बाजूचा. सावड हा दाखला चुकला, पण आपल्या जिल्ह्यात त्याहून नेमका दाखला आहे : फड. मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत. पाटाखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. पाणी फिरवायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या. ही माणसं त्या पिकात नांगर धरत नाहीत, पण पाटकरी नसेल तर शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही आणि जागल्या नसेल तर उभं पीक ढोरं खातात. म्हणून त्यांचा वाटा पिकातून आधी काढून ठेवायचा. उरतं ते ज्याच्या त्याच्या शेताचं.

नीट पाहा, फडात जमीन सामाईक नसते. पीकही सामाईक नसतं. सामाईक असतं पाणी आणि राखण. दादा, तुमचा ओर्कावाला पाटकरी आहे आणि पहाऱ्यावरचा जागल्या. त्यांचा वाटा आधी काढा, तो उपकार म्हणून नको, हक्क म्हणून द्या. पण म्हणून सगळ्यांची शेतं एकत्र करायची गरज नाही.

हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात येतंय की मी पूर्ण सामाईकच्या बाजूचा राहिलो नाही. असू दे.

एकदा_लुटलेला

मी बाजू घेऊन बोलतो. सामाईक गोदाम अजिबात करू नका.

तीन वर्षांपूर्वी मी एका कॉर्पमध्ये होतो, त्यात बरेच मराठी बोलणारे होते. आठ महिने माल गोदामात टाकत होतो, सगळ्यांचं मिळून मोठं जहाज घ्यायचं म्हणून. एका सकाळी उघडून पाहिलं तर गोदाम रिकामं, कॉर्पचं पाकीट रिकामं. ज्याला डायरेक्टर केलं होतं तो रातोरात कॉर्प सोडून गेला. तक्रार करून उपयोग नाही, कारण तुम्हीच दिलेल्या अधिकारातून झालेली चोरी ही या खेळात चोरी धरत नाहीत, खेळाचाच भाग धरतात. २००५ साली गायडिंग हँड सोशल क्लब नावाच्या टोळीने अनेक महिने एका कॉर्पमध्ये माणसं पेरली, विश्वास कमावला आणि एका दिवशी गोदामं साफ करून तिच्या प्रमुखाचं जहाजही फोडलं. ती गोष्ट लोक आजही सांगतात.

मला इस्क गेल्याचं दुःख कधीच सरलं. रोज ज्याच्याशी हेडफोनवर घरच्या गोष्टी बोललो, आईच्या ऑपरेशनच्या वेळी ज्याने रात्रभर सोबत केली, तो असं वागला हे अजून सरत नाही.

गोदाकाठचा_खाणकरी

भाऊ, वाईट वाटलं वाचून. पण आम्ही सातही जण एकमेकांच्या घरी जाणारे आहोत. एकाच्या बहिणीच्या लग्नात बाकीच्यांनी पंगती वाढल्या आहेत.

एकदा_लुटलेला

मग तर आणखी जपा. तुमच्यात गमावण्यासारखं जास्त आहे.

हेरॉन_एकटी

मी इंदिरानगरची. खोदकाम केलं नाही, करणारही नाही. मी हेरॉन हे छोटं जहाज घेऊन एकटी फिरते, प्रोब टाकून जुने अवशेष शोधते, ते हॅक करून आतला माल काढते. सुरक्षा शून्य असलेल्या भागात आणि वर्महोलमध्ये, म्हणजे अंतराळातल्या बोगद्यांपलीकडे, चांगला माल मिळतो. जहाज स्वस्त, म्हणून फुटलं तरी तासाभराच्या कमाईत नवीन येतं. तुमच्या ओर्काभोवती सात जण दोन तास बसून जे मिळवतात त्यातला एकाचा वाटा आणि माझी एका चांगल्या फेरीची कमाई, माझी पुष्कळदा जास्त असते. तेव्हा 'एकत्र आल्याशिवाय कमाई नाही' असं जे नवीन मुलांना सांगतात ते बरोबर नाही. सुरुवातीला तर एकट्यानेच फिरावं, नकाशा अंगात भिनतो.

तरी मी एका कॉर्पमध्ये आहे. कशासाठी, तर तोट्यासाठी. आमच्याकडे कॉर्पच्या मोहिमेत जहाज फुटलं तर कॉर्प भरून देते. त्यासाठी बाउंटीवरच्या टॅक्सचा फंड आहे. पूर्वी मी मोहिमेत मागे मागे राहायचे. जहाज भरून मिळायला लागल्यापासून पुढे जाते. दादा, तुमच्या सात जणांत कमाईचे वाटे कसे पाडायचे यावर एवढं बोलणं झालं. परवा ओर्का फुटली तर कोण भरणार, यावर कुणी अवाक्षर काढलेलं नाही. ओर्का कुणाच्या नावावर आहे?

गोदाकाठचा_खाणकरी

ओर्का मेडिकलवाल्या मित्राची. त्याने स्वतःच्या इस्कची घेतली आहे. ताई, तुम्ही विचारलं ते खरंच आमच्या बोलण्यात आलं नव्हतं.

हिशोबी_गंगापूररोड

मंडळी, रागावू नका, पण हा सगळा खटाटोप कशासाठी? सीसीपीकडून खऱ्या पैशात प्लेक्स ही खेळातली वस्तू विकत घ्या, खेळातल्या बाजारात विका, इस्क हातात. नोकरीवाल्या माणसाच्या तासाभराच्या पगारात जेवढा इस्क येईल तेवढा मिळवायला खाणीत कित्येक संध्याकाळी जातील. वेळ वाचवा आणि थेट लढाया खेळा.

रात्रपाळी_अंबड

साहेब, तुमचा पगार आणि माझा पगार सारखा धरू नका. आणि प्लेक्स विकून मिळणारा इस्क कुठून येतो? माझ्यासारख्याच कुणीतरी खोदून, मारून जमवलेला असतो, त्याच्या बदल्यात तो महिन्याचं सदस्यत्व भरतो. पाचशे प्लेक्समध्ये तीस दिवसांचं ओमेगा, म्हणजे तेच सदस्यत्व. गेले चार महिने मी असंच भरतोय, घरातून एक रुपया न घेता. म्हणूनच माझा माल कुणाच्या हजेरीत मिसळायला माझा जीव होत नाही, हे दादांना आता तरी कळावं.

खातेवही

हे तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं. आणि हिशोबी, प्लेक्सचा व्यवहार अधिकृत आहे, पण कुणी बाहेरच्या साइटवर स्वस्तात इस्क देतो म्हणाला तर जाऊ नका. तो नियमाविरुद्ध आहे, खातं जातं.

मोसमकाठ_बागलाण

हिशोबींना एक सांगायचं होतं. २७ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी या ठिकाणी जी लढाई झाली ती सुमारे २१ तास चालली. ७५ टायटन, म्हणजे खेळातली सगळ्यात मोठी जहाजं, फुटले, जवळपास ११ लाख कोटी इस्कचं नुकसान. सुरुवात कशाने झाली? त्या प्रदेशाच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही, एवढ्याने. आता, एक टायटन उभा करायला किती जणांनी किती महिने खोदलं असेल? लढाई थेट खेळता येते हो, पण फुटणारं जहाज कुणीतरी आधी खणून काढलेलं असतं.

गोदाकाठचा_खाणकरी

दोन दिवस प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. रात्रपाळीला फोन केला, तासभर बोललो. तो खाणीतून सदस्यत्व भरतो हे मला खरंच माहीत नव्हतं. मी समजत होतो तो हिशोबाचा कडक आहे म्हणून अडून बसलाय. आता उरलेल्या पाच जणांसमोर मी असं मांडणार आहे.

एरवी खोदलेलं ज्याचं त्याचं, त्याकडे कॉर्पने बघायचंही नाही. शनिवारचा माल मात्र ओर्कात टाकतानाच प्रत्येकाने आपला आकडा सांगायचा. खेळातली मायनिंगची नोंदवही आपली आपल्यालाच दिसते, म्हणून तिचं चित्र काढून ग्रुपवर टाकायचं. एकूण मालातून ओर्का आणि पहारा यांचा वाटा आधी बाजूला, फडासारखा. मग एक छोटा हिस्सा ओर्का फुटली तर भरायला. उरलेलं ज्याने जेवढं खोदलं त्या प्रमाणात. विक्री दर रविवारी, भाव काहीही असो. चाळीत ठेवायचं नाही.

सारखे वाटे असावेत असं मला अजूनही वाटतं. कॉलेजातल्या दोघांची छोटी व्हेंचर जहाजं आहेत, या प्रमाणात ते कायम मागे राहतील, हे मला खुपतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

रात्रपाळी_अंबड

त्या दोघांना बार्ज, म्हणजे खाणीचं मोठं जहाज, घ्यायला मी इस्क उसने देतो, बिनव्याजी. क्रिकेट बंद केलं तर.

आणि दादा, जिटाला, खेळातल्या मोठ्या बाजारात, माल नेणार कोण ते तुम्ही लिहिलं नाही. वाटेत टोळी बसलेली असली तर कॉनकॉर्डचे पोलीस नंतर येऊन त्यांना फोडतात, तोवर आपला माल गेलेला असतो. नेणाऱ्याचं जहाज फुटलं तर तेही त्याच फंडातून का?

गोदाकाठचा_खाणकरी

हो, त्याच फंडातून. आणि एका खेपेत सगळा माल न्यायचा नाही, दोनदा जायचं. पहिली खेप माझी.