आई आकडे सावकाश दाबते, अर्ध्या नंबरावरच कॉल सुटतो. डायल प्लॅन (अडॅप्टरने नंबर कधी पूर्ण धरायचा याचे नियम) कसा लिहू?

कर्वेनगरचा_बंडू
तांब्याच्या तारेची लँडलाइन बंद केली. आता फायबर, त्यावर सिपचं (इंटरनेटवरून फोन करायचं) खातं आणि साधा फोन त्याला जोडायला जुन्या बाजारातून आणलेला लिंक्सिसचा अडॅप्टर. फोन मात्र आईचा तोच, बटणांचा.

आई ८१ वर्षांची. डायरी मांडीवर. दोन आकडे दाबते, चष्मा सरळ करते, ओळ पुन्हा शोधते, पुढचे दोन दाबते. तेवढ्यात पाचव्या आकड्यावरच फोन सुटतो आणि बाई सांगते, 'हा क्रमांक अस्तित्वात नाही.' मी शॉर्ट टायमर (नंबर पूर्ण वाटला तरी पुढच्या आकड्याची वाट बघायची वेळ) ३ चा ८ सेकंद केला. आता पूर्ण नंबर दाबल्यावर ८ सेकंद शुकशुकाट. आई 'मेला वाटतं फोन' म्हणून ठेवून देते. शेवटी नंबर संपला की हॅश दाब म्हटलं, तर 'साठ वर्षांत नाही दाबला' हे उत्तर.

शिवाय ती पुण्यातले नंबर ०२० न लावता फिरवते, आणि इथे ०२० लागतोच. डायल प्लॅनमध्ये सध्या फक्त दोन एक्स आणि एक टिंब आहे.

तारजोड्या
त्या टिंबातच गोम आहे. एक्स म्हणजे कोणताही एक आकडा, टिंब म्हणजे आधीचा कितीही वेळा; दोन एक्स आणि टिंब म्हणजे 'एक किंवा कितीही आकडे'. म्हणजे पहिल्या आकड्यालाच अडॅप्टरच्या लेखी नंबर पूर्ण होतो, आणि प्रत्येक आकड्यानंतर शॉर्ट टायमर चालू. ते काढा आणि मोजून लांबीचे नियम लिहा, दोन नियमांच्या मध्ये उभी रेघ.

आपल्याकडे एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे होतात. पुणे ०२० अधिक आठ, सातारा ०२१६२ अधिक सहा. मोबाइलला लँडलाइनवरून शून्य लावायचं २०२१ पासून आहेच. म्हणून शून्य, मग चौकोनी कंसात १-९ (त्यांतला कोणताही एक), मग नऊ एक्स, एवढ्यात सगळा देश बसला. डायरीतल्या २ ने सुरू होणाऱ्या नंबरांसाठी: कोनी कंसात कोलन आणि ०२०, कंसाबाहेर २ आणि सात एक्स. आई आठच दाबतील, ०२० अडॅप्टर लावेल.

नंबर अर्धवट असेल तोवर लाँग टायमर चालतो, मुळात १० सेकंद. तो वाढवा. शेवटच्या आकड्याला फोन लगेच सुटेल.

पेठी_खवचट
किंवा आईंना डायरी मोठ्या अक्षरांत लिहून द्या. (गंमत.) एक मात्र बघा, तीन आकडी नंबरांसाठी '१ आणि दोन एक्स' असं सरसकट लिहू नका. सायबर फसवणुकीचा १९३० फिरवलात तर १९३ वरच सुटेल. १००, १०१, १०८, ११२, १९३० सुटे सुटे लिहा. आणि वीज गेली की अडॅप्टर आणि राउटर दोन्ही आडवे, तेव्हा छोटा यूपीएस हवाच.

कर्वेनगरचा_बंडू
जमलं! लाँग टायमर २५ वर नेला, कारण मध्येच बेल वाजली तर ती रिसीव्हर हातात धरूनच दारापर्यंत बघते. काल मावशीचा आठवा आकडा दाबला आणि लगेच रिंग. 'अगं बाई, एवढ्यात?' म्हणून दचकलीच. यूपीएस शनिवारी आणतो.

आता नवीन तक्रार. अडॅप्टरचा डायल टोन अमेरिकी आहे, ३५० आणि ४४० हर्ट्झचा. तिला तो 'फ्रिज घुमल्यासारखा' वाटतो. अडॅप्टरच्या सेटिंगमधल्या रीजनल टॅबमध्ये बदलता येतो असं दिसतंय. आपल्याकडच्या टोनची सेटिंग कुणी बसवली असेल तर इथे टाका.