ठोकलेली गाडी दुरुस्त झाली, पण डावीकडे ओढते

पर्वरीला ट्रकने पुढचं डावं चाक ठोकलं. बंपर, फेंडर बदलले, रंग तर झकास! पण नव्या झुवारी पुलावर वेग वाढला की स्टेअरिंग डावीकडे ओढतं. गॅरेजवाला म्हणतो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केलंय.
— फोंडेकर

अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागा. ठोकर बसून चाक मागे सरकलं की कास्टर (बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि गाडी त्याच बाजूला जाते. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) नाहीतर सबफ्रेम (तो जिला जोडलेला असतो ती चौकट) वाकली असेल. नुसती टो (वरून पाहिलं तर चाकं आत-बाहेर किती वळलीत तो कोन) जुळवून ते जायचं नाही.

दादा, गाडी पुन्हा उघडण्याआधी विमा कंपनीला मेल करा, सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पुन्हा बोलवा.

रिपोर्ट मिळाला. डावा कास्टर दीड अंशाने कमी! सर्व्हेअर सोमवारी येतोय.
— फोंडेकर