'कोमेंदा'ला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक:
भूमध्य समुद्रातल्या मध्ययुगीन व्यापारावरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यात पानोपानी 'कोमेंदा' येतो. एकाने पैसा द्यायचा, दुसऱ्याने तो घेऊन जहाजावर चढायचं, माल विकून परत यायचं आणि नफा वाटून घ्यायचा, असा करार. आधी 'सागरी कर्ज' लिहिलं, मग खोडून 'भागीदारी' केलं. दोन्ही खटकतंय.

रोजमेळ:
कर्ज तर मुळीच नको. सागरी कर्ज ही वेगळीच चीज. तिथे व्याज आधीच ठरलेलं असतं. जहाज पोचलं तर मुद्दल अधिक ते जबर व्याज, बुडालं तर दोन्ही गेलं. समुद्रावर जाणाऱ्यांचं व्याज आपल्याकडेही चढंच होतं, याज्ञवल्क्य स्मृतीत 'सामुद्रा विंशकं शतम्' आहे, म्हणजे दरमहा शेकडा २०. युरोपात पोप नववे ग्रेगरी यांच्या १२३४ च्या धर्माज्ञासंग्रहाने अशा सागरी कर्जावरच्या व्याजाला पाप ठरवलं. कोमेंदात व्याज नाहीच, नफ्यातला वाटा आहे.

शब्द लॅटिन 'कोमेंदारे'वरून आला, अर्थ हवाली करणं. व्हेनिसमध्ये अशाच कराराला 'कोल्लेगान्त्सा' म्हणत, त्या शब्दात बांधून घेण्याचा भाव आहे. एकाला सोपवणं दिसलं, दुसऱ्याला गाठ.

मचवेवाला:
मग 'अर्धेली' का नको? जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, पीक निम्मं-निम्मं. खेड्यातल्या वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

रोजमेळ:
जवळचा आहे, पण जमीन बुडत नाही हो! कोमेंदाचा सगळा जीव त्या बुडण्यात आहे. १०७३ मधला व्हेनिसचा एक करार टिकून आहे. सेवास्तो ओरेफिचे याने २०० लिरा दिल्या, जोव्हानी लिस्सादो याने स्वतःच्या १०० घातल्या आणि तो ग्रीसमधल्या थीब्जला माल घेऊन निघाला. नफा निम्मा-निम्मा. सगळं समुद्राने किंवा माणसांनी गिळलं, तर कोणी कोणाकडे काही मागायचं नाही. थोडं वाचलं, तर ज्याने जेवढे घातले त्या प्रमाणात. म्हणजे नफ्याची वाटणी वेगळी, तोट्याची वेगळी. अर्धेलीत हे बसवून दाखवा.

दौतटाक:
पण दुप्पट पैसे घालणाऱ्यालाही नफा निम्माच? हा तर घाटा.

रोजमेळ:
मांडून बघा. ३०० वर ६० नफा झाला असं धरू. ओरेफिचेच्या २०० ने ४० कमावले, त्यातले पाऊण म्हणजे ३० त्याचे, पाव म्हणजे १० लिस्सादोच्या मेहनतीचे. लिस्सादोच्या १०० ने कमावलेले २० त्याचेच. २० आणि १०, झाले ३०. जिथे प्रवासी एक पैही घालत नसे, तिथे हाच पाऊण-पाव हिशेब उघडपणे लिहीत. म्हणजे निम्मा-निम्मा ही नुसती गोळाबेरीज.

कागदपट्टी:
अरबी बाजू राहिली. इस्लामी कायद्यात असाच 'मुदारबा' आहे, त्यालाच 'किराद'ही म्हणतात. 'मुदारबा'चं मूळ 'दर्ब फिल्‌अर्द', भूमीवर फिरणं. पण 'दर्ब' म्हणजे आपटणं, मारणं. आपणही वाट तुडवतोच की. त्यातही तोटा पैसेवाल्याचा, फिरणाऱ्याची मेहनत वाया. कोमेंदा तिकडूनच आला असं बरेच अभ्यासक मानतात, काही बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या, चालींकडे बोट दाखवतात.

आपल्या जुन्या कागदांत 'सरकत' म्हणजे भागीदारी आणि 'सरकती' म्हणजे भागीदार सापडतात, तेही अरबीच. पण सरकतीत दोघांचं भांडवल असतं. ओरेफिचेच्या कराराला हा शब्द अर्धाच लागू पडेल, निव्वळ पाऊण-पाववाल्याला अजिबात नाही.

दौतटाक:
मग पहिल्यांदा येईल तिथे 'कोमेंदा, म्हणजे हवाला-भागी' असं लिहून पुढे कोमेंदाच चालू ठेवतो.

मचवेवाला:
'हवाला' म्हटलंत की लोक पोलिसांची धाड आठवतील.

दौतटाक:
खरंय. 'सोपवभागी'?

रोजमेळ:
चालेल. घडवलेला वाटतो, पण अर्थाला धक्का नाही. दोन माणसांचं काय करताय? घरी राहणारा 'स्तान्स' आणि माल हाताळणारा 'त्राक्तातोर'.

दौतटाक:
'स्तान्स' म्हणजे शब्दशः उभा असलेला. पण आपला पैसेवाला उभा कुठे असतो? तो 'गादीवरचा'. आणि दुसरा 'फिरता'.

मचवेवाला:
गादीवरचा आवडला. फिरत्याला मात्र 'जहाजावरचा' करा, नाहीतर तो फेरीवाला वाटेल.