कार्पेरे: खुडणे ते लचके तोडणे

रोमन कवी होरेसच्या कवितेतल्या 'कार्पे दिएम' या लॅटिन शब्दांमधल्या कार्पेरे या क्रियापदाचा अर्थ 'झडप घालणे' (दिवसावर झडप घाल) असा दिला जातो, तो मला पटत नाही. मूळ क्रिया खुडण्याची: फूल, फळ. गुरं गवत चरतात तेही कार्पेरेच. त्या कवितेत होरेस ल्युकोनोई नावाच्या स्त्रीला आधी वाइन गाळायला सांगतो, लांबलचक आशा छाटायला सांगतो आणि मग दिवस खुडायला. यात झडप कुठे आली?

पण लाक्षणिक अर्थ सगळेच असे गोड नाहीत. व्हर्जिलच्या 'इनीड' या लॅटिन महाकाव्यात, चौथ्या सर्गाच्या दुसऱ्याच ओळीत प्रेमात पडलेल्या डिडो राणीला न दिसणारी आग आतून खात असते, तिथे हेच क्रियापद आहे. सहाव्या सर्गात त्याचाच अर्थ वाट धरणे. आणि सीझरचं घोडदळ शत्रूच्या चालत्या फौजेचे लचके तोडतं, तेही कार्पेरेच!