न्हावा शेव्याच्या वाटेवर रीफरला डिझेल कशाला?

निफाडकर पॅकहाऊस:
जानेवारी ते एप्रिल आमच्या भागातून निर्यातीची द्राक्षं रीफरमधून, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमधून, न्हावा शेवा बंदराला जातात. पॅकहाऊसमधलं प्रीकूलिंग (माल भरण्याआधी थंड करणं) विजेवर, बंदराच्या यार्डात कंटेनर प्लगवर, जहाजावरही प्लगवरच. रीफर कंटेनरचं कूलिंग मशीन मुळातच थ्री फेज विजेचं आहे. मधल्या दोनेकशे किलोमीटरसाठी मात्र त्याला डिझेल जेनसेट (इंजिनवरचा जनरेटर) लटकवायचा आणि माल भरल्यापासून गेटात शिरेपर्यंत तो धडधडत ठेवायचा, हे मला अजिबात पटत नाही.

हिशेब बघा. माल नीट प्रीकूल झालेला असेल तर कंटेनर शून्याच्या आसपास राखायला सरासरी चार-पाच किलोवॉट पुरतात. जेनसेट असतो पंधरा किलोवॉटच्या घरातला. लोड कमी असला तरी बहुतेक जेनसेट ठरलेल्या वेगानेच पळतात आणि तासाला दोन-अडीच लिटर पितात. डिझेल 90 रुपये धरलं तर ताशी दोनशेच्या आसपास गेले. तेवढ्याच कामाला पाच युनिट वीज लागते, युनिट बारा रुपयांनी धरलं तरी साठ रुपये.

माझं म्हणणं एवढंच की जिथे गाडी उभी, तिथे डिझेल बंद. पॅकहाऊसच्या डॉकवर, हायवेच्या मोठ्या थांब्यांवर आणि बंदराबाहेर नंबर लावून थांबतात तिथे 32 अँपिअरचे रीफर प्लग द्या. चालत्या गाडीत कूलिंगसाठी जेनसेटऐवजी बॅटरी लावायचं त्यानंतर बघू.

ट्रेलरमालक, उरण:
दादा, हिशेब कागदावर बरोबर आहे. पण माल गरम झाला की भरपाईचा क्लेम माझ्या डोक्यावर येतो. एका चाळीस फुटी कंटेनरात बारा-तेरा टन द्राक्ष असतं. कसारा घाटात पुढे एखादी गाडी बंद पडली की रांग लागते, भिवंडीत तर रोजचंच आहे. जेनसेटच्या टाकीत डिझेल असलं की मी दोन दिवसही निर्धास्त असतो. बिघडलाच तर रात्री दोनला मेकॅनिक मिळतो. बॅटरीचा माणूस कसाऱ्याला कुठून आणू? तुमचं निर्यातीचं स्वप्न माझ्या भांडवलावर नको.

लाइनवरचा ड्रायव्हर:
मालकांनी एकदा केबिनमध्ये झोपून बघावं. क्लिप-ऑन जेनसेट कंटेनरच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे आमच्या पाठीमागे हातभर अंतरावर असतो. रात्रभर काच हलते. शेजारीही रीफर लागला असेल तर त्याचा धूर खिडकीतून आत, खिडकी लावली तर उकाड्याने जीव जातो. रांगेत कधीकधी अख्खी रात्र जाते. मला युनिट, लिटरचा हिशेब काही कळत नाही, प्लग मिळाला तर मी स्वतः लावीन.

वीजवाला:
प्लगमधली वीज येते कुठून? देशातली जवळपास पाऊण वीज अजून कोळशाची आहे. न्हावा शेव्याचा धूर चंद्रपूरला ढकलायचा, एवढंच होणार. त्याला स्वच्छ वाहतूक म्हणू नका.

निफाडकर पॅकहाऊस:
@वीजवाला, हाही हिशेब करू. एक लिटर डिझेल जाळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तासाला अडीच लिटर म्हणजे 6.7 किलो. आपल्या ग्रिडची सरासरी युनिटला साधारण 0.7 किलो आहे. पाच युनिटचे साडेतीन, तारांमधली गळती धरून चार म्हणा. कोळशाची वीज असूनही फरक मोठा आहे, कारण छोटं इंजिन कमी लोडवर चालवण्याइतकी वाईट वीजनिर्मिती दुसरी नाही. आणि चंद्रपूरच्या लोकांची बाजू मी हलकी मानत नाही. पण तिथे धुराला निदान उंच चिमणी आणि राख पकडणारी यंत्रणा आहे. इथला धूर ड्रायव्हरच्या उशाशी निघतो. ट्रकच्या इंजिनाला 2020 पासून बीएस-6 हा धुराचा कडक नियम लागू झाला, त्याच गाडीवरचं हे दुसरं इंजिन मात्र त्या नियमात येत नाही.

वीजवाला:
आकडे मान्य. पण जेनसेट लोडप्रमाणे वेग बदलणारा घेतला तर तुमचा अर्धा फायदा तिथेच मिळतो, तेही एकही खांब न उभारता. ते आधी का नको?

तासगावचा बागायतदार:
आमच्याकडून बंदर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. नाशिकच्या अंतरावर नियम बसवलात तर सांगलीवाले मरतील. आणि डॉकवर चार प्लग म्हणजे वाढीव लोड, नवा ट्रान्सफॉर्मर, डिमांड चार्ज (वाढीव लोडसाठी दरमहा भरायचा आकार). सीझन तीन-चार महिन्यांचा, डिमांड चार्ज बारा महिन्यांचा. तो शेवटी किलोमागे माझ्याच दरातून कापणार, हे लिहून ठेवा. व्यापारी स्वतःच्या खिशातून भरल्याचं मी पाहिलेलं नाही.

आइस्क्रीम डिस्ट्रिब्यूटर:
आमच्या गाड्यांना युटेक्टिक प्लेटा आहेत, म्हणजे आतलं द्रावण गोठवून थंडी साठवणाऱ्या प्लेटा. रात्री गोडाऊनवर प्लग लावून गोठवतो, दिवसभर डिलिव्हरीला इंजिन लागत नाही. हे तंत्र आपल्याकडे जुनं आहे, कुणी त्याला इलेक्ट्रिक म्हणत नाही एवढंच.

ट्रेलरमालक, उरण:
शहरातल्या फेरीला ठीक. समुद्रावरच्या कंटेनरात प्लेटा कुठे बसवणार? द्राक्षाला सतत खेळती थंड हवा लागते, नाहीतर माल गरम होऊन देठ सुकतात आणि तिकडे युरोपात माल नाकारतात.

लीड्सहून:
इथे सुपरमार्केटच्या वेअरहाऊसमध्ये काम करतो. ब्रिटनमध्ये एप्रिल 2022 पर्यंत ट्रेलरच्या रेफ्रिजरेशन इंजिनाला सवलतीचं लाल डिझेल चालायचं. ती सवलत काढल्यावर लोक उभ्या ट्रेलरच्या प्लगकडे गांभीर्याने बघू लागले. एक्सलवर जनरेटर बसवून ब्रेक मारताना वीज साठवणारे ट्रेलरही युरोपात विकले जातात. कसाऱ्याचा उतार त्यासाठी सोन्यासारखा आहे.

ट्रेलरमालक, उरण:
नाशिकहून भरलेली गाडी कसारा उतरते हे खरं. पण अशा ट्रेलरची किंमत कोण देणार? 2025 पासून बंदरात बॅटरी बदलणारे इलेक्ट्रिक ट्रक दिसतात, केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्हमधून ई-ट्रकला अनुदानही आहे. ते ओढणाऱ्या गाडीला. मागच्या कूलिंगची सोय त्यात मला दिसत नाही.

निफाडकर पॅकहाऊस:
हा मुद्दा तुमचा शंभर टक्के खरा, आणि मागणी करायची तर हीच करू. तासगावकरांचंही बरोबर आहे, डिमांड चार्ज बागायतदाराच्या दरात जाता कामा नये. बंदराबाहेरचे प्लग बंदराने आणि शिपिंग लाइन्सनी उभारावेत, युनिटप्रमाणे पैसे घ्यावेत. आजच्या डिझेलपेक्षा ते स्वस्तच पडतील. वेग बदलणारा जेनसेटही येऊ द्या, माझा विरोध नाही. पण उभ्या गाडीला तो तरी कशाला चालवायचा?

बॅटरीचंही सांगतो. दहा तासांना पाच किलोवॉट म्हणजे पन्नास युनिटची बॅटरी, वजन चारशे किलोच्या आसपास. जेनसेटच सातशेच्या आसपास भरतो. नाशिकसाठी वजनाची अडचण नाही, तासगावसाठी आज मी आग्रह धरणार नाही.

ट्रेलरमालक, उरण:
प्लग द्या, मी लावतो. जेनसेट मात्र उतरवणार नाही. आणि रात्री प्लगची वीज गेली, ड्रायव्हर झोपेत असताना टेम्परेचर चढलं, तर क्लेम प्लगवाल्यावर जाईल हे करारात लेखी हवं. तोंडी चालणार नाही.

निफाडकर पॅकहाऊस:
लेखीच असावं. वीज गेली की जेनसेट आपोआप सुरू करणारा स्विच लागेल, तो कुणाच्या खर्चाने हेही त्याच करारात लिहू. पुढच्या छाटणीच्या आधी कोण कोण सही करायला तयार आहे, इथेच सांगा.